लीन शिकवायचं तर प्रोजेक्टर बंद करा (अनुभव, वाद, सूचना सगळं चालेल)

चाकणकरीण

मंडळी, लीन म्हणजे कामातला अपव्यय शोधून कमी करत जायची, टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पद्धत. पण सात प्रकारचे अपव्यय पडद्यावर दाखवून कोणी लीन शिकल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. जादा उत्पादन, वाट बघणं, साठा, वाहतूक, हालचाल, नको तितकी प्रक्रिया, दोष. यादी पाठ होते, परीक्षेत लिहिताही येते, आणि दुसऱ्या दिवशी तोच ऑपरेटर त्याच मशीनपाशी तसाच वाकून जमिनीवरचा बिन (सुट्या भागांचा डबा) उचलत असतो.

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. भोसरी, चाकण, रांजणगाव पट्ट्यात आमचे छोटे सप्लायर आहेत, तिथे जाऊन टीमला हे शिकवायचं काम माझ्याकडे आहे. त्यात काय चालतं आणि काय फसतं यावर बोलू या म्हणून हा धागा. फॅक्टरीबाहेरचे अनुभव असतील तर आधी ते टाका.

आमची सुरुवात लग्नपत्रिकांपासून होते. छापखान्यात चुकलेल्या, उरलेल्या पत्रिका रद्दीच्या भावात मिळतात. एका टेबलाला चार जण. पहिला पत्रिकेची घडी घालतो, दुसरा कोपऱ्यांना हळदकुंकू लावतो, तिसरा पाकिटात घालतो, चौथा पाकिटावर नाव लिहितो. प्रत्येक कामाला साधारण दहा सेकंद लागतात. पाचवा माणूस ग्राहक.

पहिल्या फेरीत दहाचा गठ्ठा. दहाच्या दहा घड्या झाल्याशिवाय पुढच्याकडे काही सरकवायचं नाही. हिशेब सोपा आहे: पहिली पत्रिका ग्राहकाच्या हातात पडते ३१०व्या सेकंदाला, दहावी ४००व्या. दुसऱ्या फेरीत एकेक पत्रिका पुढे द्यायची. आता पहिली येते ४०व्या सेकंदाला आणि दहावी १३०व्या. प्रत्यक्षात आकडे थोडे मागेपुढे होतात, पण फरक तेवढाच राहतो. हात कोणीच जास्त वेगाने चालवलेला नसतो. घड्याळ मी स्वतःकडे ठेवत नाही, एखाद्या हेल्परच्या हातात देते, आणि फळ्यावर आकडे तोच लिहितो.

खरी गंमत पुढे आहे. ग्राहक झालेल्याच्या कानात मी आधीच सांगून ठेवते की गणपती वरच्या घडीवर दिसला नाही तर पत्रिका परत करायची. घडी घालणाऱ्याला हे माहीत नसतं. गठ्ठ्याच्या फेरीत पहिली पत्रिका परत येते तेव्हा दहाही उलट्या घडीने तयार असतात. एकेकच्या फेरीत चारच निघतात. रिजेक्शनची बिनं भरून का वाहतात हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग कोणीतरी विचारतोच: ‘मॅडम, आम्ही सगळे कामात होतो, मग एवढा वेळ गेला कुठं?’ ४०० सेकंदांत एका पत्रिकेवर खरं काम ४० सेकंदांचंच झालेलं असतं, बाकी वेळ ती नुसती पडून होती. माणूस ढिला आहे म्हणून माल उशिरा निघतो, असं वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या लोकांना हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते या खेळाची सगळी किंमत तेवढ्या एका क्षणात वसूल होते.

पण खेळ झाला की चहा पिऊन लोकांना घरी सोडायचं नाही. लगेच शॉपमध्ये जायचं आणि ज्याच्या-त्याच्या मशीनपाशी उभं राहून एकच विचारायचं: आज कशाचा त्रास झाला? किती वाचवता येईल, हा प्रश्न पहिल्या दिवशी तोंडातून काढायचाच नाही. उत्तरं अगदी बारीक येतात. अ‍ॅलन की सापडत नाही. फिक्स्चरचा क्लॅम्प अडकतो. ट्यूबलाइट मागे आहे म्हणून जॉबवर, म्हणजे मशीनवरच्या भागावर, स्वतःचीच सावली पडते. यातली किमान एक गोष्ट शिफ्ट सुटायच्या आत दुरुस्त झाली पाहिजे, तीही ज्याने सांगितली त्याच्या हाताने, मेंटेनन्सचा माणूस शेजारी उभा करून. ते झालं तर शिक्षण सुरू झालं. नाही झालं तर टीमने दुपारभर पत्रिका दुमडल्या, बाकी काही नाही.

---

स्क्रममास्तर

भारी आहे हे! आमच्याकडे हिंजवडीत लीन म्हणजे भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या. तीन महिन्यांनी गोंद सुकतो आणि एसीच्या वाऱ्याने सगळ्या खाली येतात.

---

निवृत्त फोरमन

ताई, लिहिलंय छान, पण आमच्या पिढीने हे सगळं पाहिलेलं आहे. ऐंशीच्या दशकात क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनीच छोट्या गटात बसून कामातल्या अडचणी सोडवायची मंडळं, आली होती. इशिकावा या गुणवत्तातज्ज्ञांनी १९६२ साली जपानात सुरू केली, आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीतून आली, आणि १९८२ साली क्वालिटी सर्कल फोरम स्थापन झाला. पिंपरीच्या पट्ट्यात तर त्या काळी जत्राच असायची. सर्कलला नावं काय, घोषणा काय, स्पर्धेत नाटुकली काय! बक्षिसाचा थर्मास आमच्या घरात अजून आहे.

बंद का पडली तेही ऐका. सुरुवातीला विषय आम्ही निवडायचो. मशीनखाली तेल सांडतं, पाय घसरतो, असले. मग वरून फॉर्म आला, त्यात रकाना होता: वार्षिक बचत रुपयांत. तेल सांडून पाय घसरला नाही याचे रुपये कसे काढणार? मग पोरं बचत दाखवता येईल असेच विषय घ्यायला लागली, त्यानंतर साहेबच विषय द्यायला लागले, आणि शेवटी सादरीकरणही साहेबांच्या ऑफिसात तयार व्हायला लागलं. आम्ही नुसते टोप्या घालून स्टेजवर उभे.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच: खेळ झाला, टाळ्या झाल्या, फोटो बोर्डावर लागला. पुढे काय?

---

मुलुंडचा मुलगा

एवढं जपानला जायची गरजच काय म्हणतो मी. आपले डबेवाले बघा ना, सिक्स सिग्मा, म्हणजे जवळपास शून्य चुकांचा दर्जा! जगाने नोंद घेतली.

---

निवृत्त फोरमन

डबेवाल्यांबद्दल आदर आहेच, पण सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र त्यांना कोणी परीक्षा घेऊन दिलेलं नाही. १९९८ साली फोर्ब्जमध्ये लेख आला, त्यानंतर ते बिरुद चिकटलं. त्यांच्याकडून शिकायचंच असेल तर डब्याच्या झाकणावरच्या खुणा बघा. कोणत्या स्टेशनला उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं दोन-चार अक्षरांत आणि रंगात. नवा माणूसही वाचू शकतो. आमच्या शॉपमधल्या वर्क इन्स्ट्रक्शन बारीक टायपात, इंग्रजीत, आणि कपाटात कुलूपबंद असायच्या.

---

चाकणकरीण

फोरमन काका, रुपयांचा रकाना हा रोग अजून तसाच आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे निदान सुरुवातीचे काही महिने तो रकानाच ठेवायचा नाही. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ मध्ये सुरू केली, तीही चिल्लर वाटणाऱ्या सूचनांवर चालत राहिली.

‘पुढे काय’ याचं उत्तर मला टोयोटाच्याही मागे जाऊन सापडलं, अमेरिकेत. १९४० साली युद्धाच्या तयारीत तिथे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. अनुभवी कामगार सैन्यात जात होते, आणि कारखान्याचं तोंडही न पाहिलेले लोक, त्यात बायका पुष्कळ, कामावर येत होते. त्यांना पटकन शिकवायचं कसं? १९४५ पर्यंत १६ लाखांहून जास्त लोकांना या कार्यक्रमाची प्रमाणपत्रं मिळाली, साडेसोळा हजार कारखान्यांत. युद्धानंतर अमेरिकेने हे गुंडाळलं, पण ताब्यातल्या जपानमध्ये तेच नेलं, आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटाने ते उचललं. आपण ज्याला जपानी पद्धत म्हणतो तिच्या पोटात हा भाग बसलेला आहे.

त्यातलं काम शिकवण्याचं सत्र दोन-दोन तासांचं, पाच दिवस, दहाच माणसांचा गट. सुरुवात एका गाठीने व्हायची. दिव्याच्या वायरला आतून मारतात ती गाठ, म्हणजे ओढ बसली तरी टर्मिनलवर ताण येत नाही. शिक्षक एकाला ती नुसती तोंडी सांगतो. कोणाला जमत नाही. मग दुसऱ्याला नुसती करून दाखवतो, तोंडातून शब्द न काढता. त्यालाही जमत नाही. मग तिसऱ्याला नीट शिकवतो: आधी त्याला मोकळं करायचं, त्याला किती येतं ते विचारायचं, मग टप्प्याटप्प्याने दाखवत प्रत्येक टप्प्याचा कळीचा मुद्दा आणि त्याचं कारण सांगायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्यालाच बोलायला लावायचं, शेवटी त्याला कामावर सोडून अधूनमधून बघायला जायचं. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही, असा त्यांचा दंडक होता.

ही गाठ मी सुपरवायझरांकडून करून घेते. ‘दहा वेळा सांगितलं तरी पोराला कळत नाही’ म्हणणारे सुपरवायझर स्वतः वायर हातात धरून गोंधळले की चेहरे बघण्यासारखे असतात.

तर काका, पुढे काय म्हणाल तर हे. पत्रिकांचा खेळ टीमसाठी, गाठ सुपरवायझरांसाठी. सुपरवायझर बदलला नाही तर खेळ वाया.

---

फ्रीमाँटवासी

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझ्या घरापासून टेस्लाचा कारखाना गाडीने दहा मिनिटांवर आहे. तिथे आधी काय होतं हे इथल्या देशी मंडळींपैकीही बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९८२ साली बंद पडला. संप, दांड्या, कामावर दारू, युनियनच्या तक्रारींचा ढीग, असा त्याचा लौकिक. १९८४ मध्ये तीच इमारत टोयोटा आणि जीएमने भागीदारीत पुन्हा चालू केली, नाव नम्मी. आणि कामगार? बहुतेक तेच जुने, त्याच युनियनचे. टोयोटाने त्यांना गटागटाने जपानला, ताकाओकाच्या कारखान्यात पाठवलं. वर्गात बसवलं नाही, तिथल्या लाइनवर जपानी कामगाराच्या शेजारी उभं केलं.

त्या कामगारांनी पुढे सांगितलेली गोष्ट अशी: काम मागे पडलं की शेजारचा माणूस धावून यायचा आणि मदत करायचा. ओरडायला कोणी येत नसे. लाइन थांबवायची दोरी सगळ्यांच्या हाताशी. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं म्हणजे पाप, मग चुकीची गाडीही पुढे ढकलायची आणि शेवटी दुरुस्तीच्या अंगणात उभी करायची. नम्मीत तीच माणसं दोरी ओढायला लागली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या टोयोटाच्या जपानमधल्या दर्जाच्या आसपास पोचल्या. गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरातून २ टक्क्यांवर आली.

‘लीन’ हे नाव १९८८ साली एका लेखात पहिल्यांदा देणारा जॉन क्राफसिक आधी याच नम्मीत इंजिनिअर होता. म्हणजे या शब्दाचं माहेर एका अर्थाने आमचं गाव.

पण जीएमने हेच आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला तेव्हा ते रुजलं नाही. दोऱ्या टांगता येतात. दोरी ओढल्यावर कोण धावून येतो आणि काय बोलतो, ते टांगता येत नाही. नम्मी २०१० मध्ये बंद झालं, ते वेगळं रामायण.

---

औसेकर

मी चाकणमधी लाइनवर हाय. आधी हेल्पर, आता ऑपरेटर. ठेकेदाराकडून. गाव औसा.

ताई तुमचं वाचलं. आमच्याकडंबी असाच खेळ झाला होता, कागदी विमानाचा. मजा आली, खोटं कशाला बोलू. मग म्हणले तुमच्या लाइनचं तुम्हीच सांगा. आमी सांगितलं. रॅक इकडं घ्या, दोन मशीन जवळ घ्या, चालणं कमी होतंय. समदं आमचंच डोकं. केलं त्यांनी. साहेब लोक आले, फोटो काढले, टी-शर्ट दिले.

पुढच्या महिन्यात तिघांच्या लाइनला दोघंच. तिसऱ्याला ठेकेदारानं सांगितलं उद्यापासून येऊ नको. त्यो माझ्याच खोलीवर राहायचा. त्याला काय तोंड दाखवायचं? रॅकचं त्यानंच सुचवलं होतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. पण आता कुणी विचारलं काय त्रास होतोय, तर आमी म्हणतो काहीच नाही साहेब, समदं बेस्ट.

---

निवृत्त फोरमन

औसेकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. धाग्याचा खरा विषय आत्ता आला.

---

चाकणकरीण

औसेकर भाऊ, यावर गुळमुळीत उत्तर देणार नाही.

टोयोटाचीही गोष्ट अशीच आहे. १९५० मध्ये कंपनी बुडायला आली, माणसं कमी करायची वेळ आली, मोठा संप झाला. शेवटी बरीच माणसं गेली आणि संस्थापक कीइचिरो टोयोडांनी अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर जे राहिले त्यांच्याशी नोकरीच्या हमीचं नातं तयार झालं आणि त्या पायावर पुढच्या सुधारणा उभ्या राहिल्या. फ्रीमाँटवासींनी नम्मीचं लिहिलं, त्यात हेही घालते: ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या गाड्यांचा खप पडला, तरी माणसं काढली नाहीत. करारातच तशी तरतूद होती. लोकांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. दोरी ओढायची हिंमत त्यातून येते. जो स्वतःच्या सूचनेने बेकार होऊ शकतो तो तुम्हाला कशाला काही सांगेल? ‘समदं बेस्ट’ हे त्याचं शहाणपण आहे.

माझी अट म्हणून आता अशी असते. मालकाने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर, कंत्राटी माणसांसह, सांगायचं की सुधारणेतून मोकळा झालेला माणूस काढला जाणार नाही. त्याला दुसऱ्या लाइनला, मटेरियलला, किंवा सुधारणेच्याच कामाला लावू. आणि नोटीस बोर्डावर लावायचं. ‘धंदाच पडला तर?’ असं मालक विचारतात. धंदा पडणं वेगळं आणि रॅक हलवल्यामुळे माणूस काढणं वेगळं, हा फरक कामगारांना बरोबर कळतो. जिथे मालक नोटिशीला तयार होत नाही तिथे मी खेळ घेत नाही. सरळ सांगते की तुम्हाला लेआउट बदलून हवं असेल तर इंजिनिअर पाठवते, पण माणसांना बोलतं करायला मी येणार नाही.

हे पुरेसं आहे का? ठेकेदार बदलला, ऑर्डर गेली, तर त्या नोटिशीला कायद्याने काही किंमत नाही. ते मान्य.

---

औसेकर

नोटीस लावतंय ना कुणीतरी, तेवढं तरी. आमच्याकडं बोर्डावर फक्त सुरक्षा सप्ताहाचं हाय.

---

वॉर्ड नंबर सात

मी नाशिकला एका रुग्णालयात सिस्टर आहे. फॅक्टरीबाहेरचं मागितलंत म्हणून लिहिते.

आमच्याकडे एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी काहीच शिकवलं नाही, असंच पहिल्यांदा वाटलं. वॉर्डाचा नकाशा मोठ्या पुठ्ठ्यावर काढला, खाटा, औषधाचं कपाट, सिस्टरांचं टेबल, सलाइनचा साठा, सगळ्या जागी टाचण्या लावल्या आणि मला लोकरीचा गुंडा दिला. म्हणाले, सकाळच्या औषधांच्या फेरीत तुम्ही जिथे जिथे जाता तिथे लोकर फिरवा. पंधरा नंबरच्या खाटेपर्यंत येईतो पुठ्ठ्यावर एवढा गुंता झाला की टाचण्याच दिसेनात. निम्मी लोकर कपाटाच्या किल्लीपायी. किल्ली एकच, आणि ती ज्या सिस्टरच्या खिशात ती नेमकी लांबच्या टोकाला.

आणि एक सांगते. सगळ्यात आधी मावशी आणि वॉर्डबॉय यांना बोलू द्या, मग सिस्टर, मग मेट्रन, डॉक्टर सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर डॉक्टरांच्या नंतर मावशी तोंडच उघडत नाहीत. बेडपॅन धुवायच्या जागेचा मार्ग आणि जेवणाच्या ट्रॉलीचा मार्ग एकच आहे, हे आमच्या मावशींनी सांगितलं. इतकी वर्षं आमच्यातल्या कोणालाच ते खटकलं नव्हतं.

---

चाकणकरीण

वा सिस्टर! बोलण्याचा हा क्रम मी उचलतेय.

रुग्णालयांतलं गाजलेलं उदाहरण सिएटलच्या व्हर्जिनिया मेसनचं. तिथले वरिष्ठ २००२ मध्ये जपानला कारखाने बघायला गेले. परत येऊन जी गोष्ट सुरू केली ती दोरीचीच: रुग्णाला धोका दिसला तर कोणताही कर्मचारी काम थांबवू शकतो, आणि वरिष्ठांनी ताबडतोब यायचं. मावशींनाही ती मुभा. आपल्याकडे डॉक्टरसाहेबांना मावशींनी थांबवलंय, अशी कल्पना करून बघा.

---

स्क्रममास्तर

सॉफ्टवेअरवाल्यांची लाज राखतो. कानबान, म्हणजे हातातली कामं मर्यादित ठेवायची टोयोटाकडून आलेली पद्धत, आमच्याकडे वापरल्याच्या सुरुवातीच्या गाजलेल्या उदाहरणांपैकी एक मायक्रोसॉफ्टसाठी काम करणाऱ्या हैदराबादच्या टीमचं आहे, २००४-०५ च्या सुमाराचं. बदलांच्या मागण्यांचा ढीग साचलेला, आणि टीमचा मोठा वेळ त्या कामांना किती वेळ लागेल याचे अंदाज बांधण्यातच जायचा! अंदाज बंद केले, एका वेळी हातात किती कामं असावीत याला मर्यादा घातली. माणसं तीच, कामं सुटायला लागली.

आमच्या टीमला हे समजावून सांगून पटलं नाही. मग मी नाण्यांचा खेळ घेतला. वीस नाणी, पाच माणसं, प्रत्येकाने डाव्या हाताने एकेक नाणं उलटायचं. आधी वीसचा गठ्ठा, मग पाचचा, मग एकेक. पत्रिकांच्या तत्त्वावरच. टीमला पाच मिनिटांत पटलं. मॅनेजरला अजून पटायचंय, तो खेळात ग्राहक होता आणि मोबाइल बघत बसला होता.

---

चाकणकरीण

मॅनेजर आणि मालकांसाठी वेगळा खेळ आहे, गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचा लाल मण्यांचा. डबाभर मणी, पांढरे ३२००, लाल ८००. पन्नास खळग्यांची पळी बुडवून मणी काढायचे. लाल मणी म्हणजे दोष. मालकांना कामगार करायचं आणि आपण खडूस मॅनेजर व्हायचं. ज्याच्या पळीत कमी लाल आले त्याला शाबासकी, पुढच्या फेरीत त्याच्याच जास्त आले की झापायचं. भिंतीवर ‘शून्य दोष’ची पाटी लावायची. थोड्या वेळाने मालक खरंच चिडतात: ‘अहो, डब्यातच लाल मणी आहेत, मी काय करणार?’ मी म्हणते, हेच तुमचे ऑपरेटर म्हणतात.

---

भोसरीचा कारखानदार

मी मालक आहे, खा मला सगळे मिळून.

मुद्द्याचं विचारतो. माझ्याकडे बावीस माणसं. दोन तास सगळ्यांना पत्रिका दुमडायला बसवलं तर डिस्पॅच कोण काढणार? गिऱ्हाइकाची गाडी दुपारी चारला दारात असते. आणि तुमच्यासारख्यांची फी कोण देणार?

---

चाकणकरीण

दादा, बावीसही जण एकदम नकोतच. पाच-सहा जणांचा एक गट घ्या, तोही एकाच लाइनचा. लाइन तेवढा वेळ बंद ठेवायची तयारी हवी. तुम्ही ती बंद ठेवलीत यावरूनच लोक ओळखतात की मालक हे मनावर घेतोय. डिस्पॅच संपल्यावर ओव्हरटाइम देऊन घेतलं तरी चालेल, पण ओव्हरटाइम द्याच. फुकट थांबवून ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणू नका.

फीचं म्हणाल तर लघुउद्योगांसाठी केंद्राची लीन योजना आहे. मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. तुमची उद्यम नोंदणी असेलच. बेसिक, इंटरमिजिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा पायऱ्या आहेत, आणि सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. फक्त सल्लागार निवडताना एक बघा: तो पहिल्या भेटीत तुमच्या केबिनमध्ये किती वेळ बसतो आणि शॉपमध्ये किती वेळ उभा राहतो. फायली भरून देणारे खूप आहेत.

---

निवृत्त फोरमन

कारखानदार साहेब, प्रेस आहे का तुमच्याकडे? असेल तर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्यापासून सुरुवात करा, परतावा लवकर दिसतो. शिंगो म्हणून जपानी इंजिनिअर होते. टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. ते आधी दीड तासावर आणलं, मग तीन मिनिटांवर. त्यात जादू काही नव्हती. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं कोणती आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येतील अशी कोणती, एवढी वेगळी काढायची. पाना शोधणं, पुढची डाय आणणं, बोल्ट जमवणं हे सगळं आधीच.

ताईंच्या पद्धतीने करायचं तर डाय बदलतानाचा व्हिडिओ काढा. पण मोबाइल ऑपरेटरच्याच हातात द्या आणि बघायलाही त्यांनाच बसवा. साहेबाने मोबाइल धरला की सगळे नाटकातल्यासारखे काम करतात. आणि तो व्हिडिओ एचआरकडे जाणार नाही, हे आधी सांगा.

---

चाकणकरीण

अगदी. शिंगोंचंच आणखी एक, काका. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकमध्ये स्विच जोडताना बायका कधीकधी बटणाखालची स्प्रिंग घालायला विसरायच्या. साहेब म्हणायचे, लक्ष द्या. शिंगोंनी एक छोटी बशी ठेवली. आधी दोन स्प्रिंगा मोजून बशीत काढायच्या, मग जोडायला घ्यायचं. बशीत एक उरली तर विसरलो हे त्याच क्षणी दिसतं. नवख्या टीमला मी हे सांगते आणि विचारते, तुमच्या टेबलावर अशी बशी कुठे ठेवता येईल? खूप सुचतं लोकांना.

---

भोसरीचा कारखानदार

प्रेस दोन आहेत. डायचं करून बघतो. नोटिशीचंही वाचलं. त्यावर भावाशी बोलावं लागेल, भागीदार आहे तो. लगेच हो म्हणत नाही.

अजून एक अडचण. माझ्याकडे अर्धी माणसं बिहार आणि ओडिशाची आहेत. मराठी येत नाही, लिहिता-वाचता बेताचंच. तुमचे हे खेळ त्यांना कळतील?

---

चाकणकरीण

हाताचं काम असल्यामुळे उलट त्यांनाच सोपं जातं. भाषणाचं हिंदी करावं लागतं, घडी घालण्याचं नाही. फळ्यावर शब्दांऐवजी चित्रं काढा. त्रास सांगायला शब्द सुचत नसतील तर लाल कागदाचा तुकडा द्या आणि म्हणा, जिथे त्रास होतो तिथे नेऊन चिकटव.

---

वॉर्ड नंबर सात

कागदाचं आमच्या मावशींनाही चालेल. ताई, एक सुचवू का? पत्रिकांच्या खेळात कुंकू असतं, आमच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक आहेत. रबरी शिक्का वापरला तर?

---

चाकणकरीण

नक्की वापरा सिस्टर, वेळही तेवढाच लागतो. गणपतीऐवजी पत्रिकेवरचं कुठलंही चित्र किंवा नाव तपासायला ठेवा. फक्त शाईचं पॅड ओलं आहे ना ते आधी बघा, नाहीतर दुसरा माणूस अडकतो आणि सगळे हिशेब चुकतात. तसं झालंच तर लोकांनाच विचारा, आता काय करायचं.

---

औसेकर

ताई, जुन्या पत्रिका आमच्या खोलीवर बी असतील दहा-पंधरा, गावाकडच्या. रविवारी पोरांना बसवून बघतो. कंपनी नको, आमचं आमीच. घड्याळ मी धरू का घडी घालू?

---

चाकणकरीण

घड्याळ सगळ्यात नव्या पोराकडे द्या. तुम्ही ग्राहक व्हा. आणि काय झालं ते इथे लिहा.